मातेरं

उदगीरच्या मोंढ्यात बारापर्यंत सौदा,
मग काटे, मग हमाल, मग ट्रका,
आणि तीन वाजता, सगळ्यांच्या पायाखालून उरलेली
आमची शाळा.

पाच नंबरच्या शेडमध्ये, भावफलकाखाली.
वर तूर, हरभरा, सोयाबीन, किमान, कमाल.
खालचा कोपरा मी ओल्या फडक्यानं पुसून घेतो,
तेवढाच फळा.
खडू आडतीतला, पोत्यांवर नंबर टाकायचा.

लेकरं सुपासकट येतात.
पलीकडं आया फरशी झाडत असतात,
चाकाखालची, काट्याच्या फटीतली तूर,
माती, काडी, बिडीचं थोटूक, दाणा.
शिवकांता पाखडता पाखडता पाढे म्हणते.
सातचा पाढा सुपाच्या ठेक्यात नीट बसतो,
नऊचा सांडतो.

व्यंकटला अजून ग म भ न येत नाही,
पण पोत्यात हात घालून सांगतो, ओल किती.
इरफानला शंभरापर्यंत शिकवायला गेलो,
तर त्यानं माझा हात गमजाखाली ओढला,
दोन बोटं दाबली, एक मुडपलं,
म्हणाला, सर, आता भाव बोला.

सरकारी शाळेत नावं आहेत यांची.
पण तिथली घंटा आणि इथला सौदा एकाच वेळी होतो,
आणि धाकटं भावंड कडेवरून उतरत नाही.

मी डी.एड.
सात वर्षं भरतीची वाट पाहिली,
आता गुरुलिंगप्पांच्या आडतीवर दिवाणजी.

अवसेला मोंढा बंद, म्हणून शाळा दिवसभर.
येळवशीला तर अख्खं उदगीर रानात जेवायला जातं.
ज्यांना रान नाही, ती बावीस लेकरं
पाच नंबरच्या शेडमध्ये.
कुणाच्या तरी मायनं तांब्याभर आंबील पाठवलेलं,
ते घोटघोट फिरलं, आणि आम्ही ट घेतला.

काना नाही, मात्रा नाही, असे शब्द:
पट. तट. वट.
हाताच्या सवयीनं पुढं लिहून गेलो:
कट.

शिवकांता उठली.
परकराच्या ओच्यातून चिठ्ठी काढली, चार घड्यांची.
मायनं परवा मातेरं घातलं, त्याची पट्टी.
चौदा किलो. मग एक शब्द. मग तीन. मग अकरा.
त्या शब्दावर बोट ठेवून ती फळ्याकडं बघत राहिली.
दोन्हीकडच्या क चं शेपूट
सारखंच लांब गेलेलं.

"सर, ह्ये बी कट."
बरोबर, म्हणालो.
"म्हंजी काय?"

मला उत्तर पाठ होतं.
माती, ओल, कचरा. मोंढ्याची रीत.
मालक सांगतात, मी लिहितो.
"मायनं तर दोनदा चाळलं. म्या कंदील धरला व्हता."
मी आंबिलीचा तांब्या तोंडाला लावला.
रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी सोजरबाई काट्यावर आली,
मागं आणखी सहाजणी, प्रत्येकीपाशी एक लेकरू.
पंधरा किलो.
गुरुलिंगप्पा गादीवरून म्हणाले, लिहा, दिवाणजी.
शिवकांता टाचा उंचावून माझ्या पेनाकडं बघत होती,
ओठ हलत होते,
मी लिहायच्या आधीच ती वाचत होती.
मी पंधरा लिहिलं.
खाली पंधराच लिहिलं.
मधली जागा बघून मालकांनी पान थुंकलं
आणि काहीच बोलले नाहीत.

तेव्हापासून भावफलक खालपर्यंत भरून लिहितात.
मूग, उडीद, करडई,
ज्यांची आवक नाही, त्यांचेही भाव.

आता आम्ही काट्यामागं बसतो, उघड्या फरशीवर.
तुरीच्या दाण्यांनी अक्षरं मांडतो.
या आठवड्यात ठ.
शिवकांताच्या ठ ला सतरा दाणे लागतात,
व्यंकटच्या ठ ला एकतीस, तोही वाकडा.
झाल्यावर इरफान मोजून घेतो,
आणि ज्याचे त्याच्या सुपात
परत टाकतो.